मावशीचा कान आणि तीन गाईडबुकं

"गाडी तुमची, झोप तुमची. मग मध्ये पुस्तक कशाला?"

अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानातल्या काकांनी मला हे विचारलं. मी तोपर्यंत दहा मिनिटं सलग बोलत होते. काका, कॅम्परव्हॅन असते ना, म्हणजे गाडीतच बेड, गाडीतच ओटा, गाडीतच सगळं, तर ती रात्री कुठे लावायची, पाणी कुठे भरायचं, असं सांगणारं पुस्तक. काकांनी हे सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि वरचं वाक्य टाकलं. मग म्हणाले, "अध्यात्म हवंय का? ते भरपूर आहे."

थांबा, आधी हे पुस्तक का लागलं ते सांगते. नाहीतर तुम्हालाही काकांसारखंच वाटेल.

माझ्या आईला तिच्या मोठ्या बहिणीला भेटायचं होतं. एवढंच. मावशी यवतमाळकडे, दिग्रसजवळच्या एका गावात राहते, आम्ही पुण्यात खडकीला. दोघींचा रोज व्हिडिओ कॉल होतो, पण मावशी व्हिडिओ कॉलवरही फोन कानालाच लावते. कितीदा सांगितलं, समोर धर, समोर धर. ती दोन सेकंद धरते आणि ऐकू येत नाही म्हणून परत कानाला. त्यामुळे आई तीन वर्षं मावशीचा फक्त कान बघत होती. मोठा, छान कान आहे, बाळी आहे त्यात. पण कानच.

तीन वर्षांपूर्वीपर्यंत आई दरवर्षी बसने माहेरी जायची. जायच्या आदल्या संध्याकाळपासून ती पाणी बंद करायची, चहा बंद, ताक बंद, सगळं. का, ते घरात कोणी मोठ्याने बोलत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं. रस्त्यात बाईमाणसाने जायचं कुठे? त्यात तिचे गुडघे गेलेले, खाली बसता येत नाही. गावी पोचली की मावशी दारातच भरलेला तांब्या घेऊन उभी असायची. आई चप्पल काढायच्या आधी तो एका दमात संपवायची, मग दुसरा, मग तिसरा अर्धा. मावशी म्हणायची, "आला माहा उंट!" आणि आम्ही सगळे हसायचो. मीपण हसायचे. लहान होते, पण तेवढीही लहान नव्हते.

शेवटच्या वेळी उंट पोचला तो तापाने फणफणत. इन्फेक्शन, पार किडनीपर्यंत. चार दिवस ॲडमिट. डॉक्टरांनी बजावलं, पाणी न पिता प्रवास करायचा नाही. आईने यातला तिला जमेल तो भाग पाळला. तिने प्रवासच बंद केला. विहारातल्या बायका सहलीला गेल्या, ही नाही. भाचीचं लग्न झालं, ही नाही. रेल्वे म्हणाल, तर आधी रेल्वे आणि पुढे दोन तास जीप, आणि एकदा रेल्वेच्या संडासात ती घसरलेली, तेव्हापासून तो विषयच नाही.

मग या वर्षी बाबा रिटायर झाले आणि मी, माझा पगार, माझं इंटरनेट आणि माझा अतिउत्साह असे एकत्र आलो. मला धायरीतले एकजण सापडले ज्यांनी एका मोठ्या प्रवासी टेम्पोची कॅम्परव्हॅन केली होती आणि ते ती भाड्याने देत होते. फोटोत टॉयलेट होतं! गाडीच्या आत! मी ऑफिसात जागेवरून उठून उभी राहिले, शप्पथ. प्रश्न मिटला! मी जानेवारीतले पाच दिवस बुक करून टाकले आणि घरी येऊन जाहीर केलं. आई आधी हसली, मग तिने मावशीच्या कानाला सांगितलं, मग रडली. म्हणजे आता माघार नाही.

बाबा म्हणाले, "गाईडबुक पाहिजे. छापील."

"बाबा, सगळं नेटवर असतं."

"नेटवरच्याला बॅच नंबर नसतो."

हे वाक्य कळायला बाबांची नोकरी माहीत पाहिजे. बाबा पस्तीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. तपासल्याशिवाय ते कोथिंबीरही घेत नाहीत. मंडईत भाजीवाल्या त्यांना लांबून बघून जुडी सोडून ठेवतात.

तर त्या काकांच्या दुकानात शेवटी काय मिळालं? वरच्या फळीवरून धुळीसकट एक जाडजूड अमेरिकन गाईडबुक निघालं. त्यात गाडीसह मुक्कामाच्या हजारो जागा, एकही भारतात नाही. काका म्हणाले, "तुम्ही विचारलंत ते हेच आहे. देश कुठला ते तुम्ही सांगितलं नव्हतं." दुसरं मिळालं ते पातळ, पिवळं, मराठी, कुणीतरी स्वतः छापलेलं. त्यात मुक्कामाच्या साठेक जागा, प्रत्येकीला एक पान आणि खाली फोन नंबर. मी दोन्ही घेतली, कारण मला ठरवता येईना. आणि तिसरं, घरी जाताजाता रिक्षातच, मी एक पीडीएफ विकत घेतलं. एका मुलीचं होतं ते, तिचे व्हिडिओ मी बघते, काय एडिट असतात! शंभर गुप्त कॅम्पिंग स्पॉट. प्रत्येक फोटोत सूर्यास्त. मला मनातून तेच हवं होतं.

आता तीन गाईडबुकं आणि आम्ही तिघं. कन्फ्युजन इथून सुरू झालं आणि ते कमी झालंच नाही.

पिवळ्या पुस्तकाच्या लेखकाला जागेबद्दल सोडून सगळ्याबद्दल बोलायचं होतं. ‘येथील चांदणे अंगावर शालीसारखे उतरते.’ बरं! पण गाडी आत जाते का? ते नाही. चाळिसावं पान उलटं छापलेलं. पीडीएफमध्ये जागांची नावंच नव्हती, ‘स्पॉट नंबर बारा, फक्त फील करा’. आणि जाड्या पुस्तकात शब्द कमी, चित्रं जास्त. प्रत्येक जागेखाली एका ओळीत चिमुकल्या खुणा. नळ, प्लग, मासा, दोरीला बांधलेला कुत्रा, चाकाची खुर्ची, बदक. आईला इंग्रजी येत नाही, पण तिला ते पुस्तक आवडलं. कणीक मळतामळता ती मान वाकवून बघायची. "हे बदक काय? बदक मिळतं तिथं?"

"तळं असेल गं."

"आणि हे?"

त्या चित्रात गाडी होती, गाडीखालून एक बाण आणि बाणाखाली खड्डा. बाबा म्हणाले डिझेल. मी म्हटलं सर्व्हिसिंग. बाबा म्हणाले सर्व्हिसिंगला खड्डा असतो पण बाण वर जाईल, मेकॅनिक खालून वर बघतो. आम्ही यावर किती वेळ भांडलो! शेवटी मी पहिल्या पानावरची यादी काढून वाचली. गाडीतल्या टॉयलेटची टाकी रिकामी करायची जागा.

आईचे हात थांबले. "म्हणजे ते सगळं गाडीतच साठतं?"

"हो, टाकीत. मग अशा जागी जायचं आणि नळी लावून..."

"कोण लावणार नळी?"

"मी आहे ना," बाबा म्हणाले. "त्यात काय."

आई परत कणीक मळायला लागली, जरा जास्तच जोरात. मी आणि बाबा परत बाणावर आलो, की मग तो खालीच बरोबर आहे म्हणून.

मग बाबांनी तपासणी काढली. कारखान्यात म्हणे हजारोंच्या लॉटमधून थोडेच नग काढून तपासायचे, पण ते तपासणाऱ्याने निवडायचे नाहीत. नंबर दुसऱ्याने सांगायचे, म्हणजे हात चांगल्याकडे जात नाही. ठरलेल्यापेक्षा जास्त नग फेल गेले की अख्खा लॉट परत. तसंच पुस्तकाचं. आई पोळ्या लाटतालाटता पान सांगणार, बाबा फोन करणार, मी लिहिणार. बाबांनी पट्टीने रकाने आखले. एक, गेटची उंची. दोन, जमीन कडक की भुसभुशीत. तीन, नळ. चार, प्लग पॉइंट. पाच, मोबाइलची रेंज. सहा, कुत्री, आणि मोकळी की बांधलेली.

"बोला," बाबा म्हणाले.

"चौदा," आई म्हणाली.

पिवळ्या पुस्तकाचं पान चौदा. कुणी आजोबा होते फोनवर. "गाडी लावायला जागा? अहो अंगण हाय की मोप. पण तिथं म्हैस बसती. तिला उठवायला लागंल."

बाबांनी मला विचारलं, "म्हैस कुठल्या रकान्यात?"

जाड्या पुस्तकातून निघालं ते कुठलंतरी देवदाराचं जंगल. फोन करायचा तर परदेशात. बाबांनी गंभीरपणे सांगितलं, "लिही, नमुना तपासणीस उपलब्ध नाही." पीडीएफवर फोन नंबरच नव्हता, मेसेज करायचा होता. मी केला. उत्तर आलं, एक लाल हृदय.

"हे काय?" बाबा.

"म्हणजे त्यांना आवडलं."

"काय आवडलं? मी गेटची उंची विचारली."

"बाबा, हल्ली असंच असतं."

"मग हे हो समजायचं की नाही?"

दोन दिवसांनी आणखी एक मेसेज आला, ‘लोकेशन अनलॉक करायला ग्रुप जॉइन करा’. मी जॉइन केला. तिथे सगळे एकमेकांना लोकेशन विचारत होते.

चार संध्याकाळी हे चाललं. तक्ता भरला, आणि तक्त्यावरून काहीच ठरेना. पिवळं सहापैकी चार रकान्यांत पास व्हायचं आणि म्हशीवर फेल. मला तर पीडीएफ सोडवेना. मी बाबांना म्हटलं, सातवा रकाना करू, व्ह्यू. बाबा म्हणाले, व्ह्यूला मोजमाप काय? आई मध्येच म्हणाली, "पण यातलं एकतरी पुस्तक दिग्रसकडे जातं का?" आम्ही बघितलं. पिवळं पुस्तक वेरूळपाशी संपत होतं. पीडीएफ लोणावळ्याच्या आसपासच फिरत होतं. जाडं तर विचारूच नका. म्हणजे आम्ही चार दिवस ज्या पुस्तकांची परीक्षा घेत होतो त्यातलं एकही आमच्या रस्त्याचं नव्हतं! मी बाबांकडे बघितलं. बाबा रकान्यांकडे बघत होते.

रविवारी आम्ही धायरीला गाडी बघायला गेलो. मालक हौशी माणूस. दार उघडायच्या आधीच सुरू. "या काकू, या. हे बघा, शीट पाडली की बेड. हे सिंक हाय, हे चार्जिंग हाय. आन् हे टॉयलेट. कमोड हाय, गुडघ्याचं टेन्शनच न्हाय. एकदम हॉटेलावानी."

आईने टॉयलेटचं दार उघडलं, लावलं. परत उघडलं. "कडी कुठंय?"

"मॅग्नेट हाय काकू. आपसूक चिकटतंय."

आईने बोटाने दार ढकललं. ते टक् करून उघडलं. तिथून ड्रायव्हरच्या शेजारची सीट किती लांब? तीन फूट. चार म्हणा. आईने सीटकडे बघितलं, मग दाराकडे, आणि म्हणाली, "बरंय. बरण्या मावतील."

बाबा हसले. मालक हसले. मीपण. आम्ही हसण्यात एकदम एक्सपर्ट आहोत.

बाबांना ट्रायल हवी होती, ट्रायलशिवाय माल बाहेर जात नाही. म्हणून पुढच्या शनिवारी, पिवळ्या पुस्तकातली पानशेतकडची एक जागा काढून, सकाळी आठला धायरीहून निघालो. मालक स्वतः चालवायला. आईने खरंच बरण्या आणल्या होत्या. मंडईजवळून घेतलेल्या चिनी मातीच्या दोन मोठ्या बरण्या, त्यात मावशीसाठी लोणचं, जुन्या साड्यांत गुंडाळलेल्या. "ट्रायल आहे ना? मग बरण्यांचीपण ट्रायल." बाबांना हे पटलं. बरण्या टॉयलेटमध्ये गेल्या, एक कमोडवर, एक खाली. खालची डुगडुगत होती तर तिच्याखाली आईने जाडं पुस्तक सरकवलं. हजारो जागा आणि बदकं, बरणीखाली.

निघताना मी थर्मासमधून चहा ओतला. आई म्हणाली नको.

तुम्हाला माझी आई माहीत नाही. ती चहाला नको म्हणत नाही. डोकं दुखतं म्हणून पिते आणि दुखत नाही म्हणून पिते.

"बरं नाही का?" बाबांनी पुढून विचारलं.

"ॲसिडिटी."

अकराच्या सुमाराला मला लागली. मी दोन कप चहा, एक लिटर पाणी आणि भरपूर बडबड अशी निघालेले. जागेवर पोचलो होतो, बाबा आणि मालक टेप घेऊन गेट मोजत होते. मी टॉयलेटचं दार उघडलं तर बरण्या. मी म्हटलं, "आई, जरा काढूया ना."

"घरी जाऊन जा की."

"आई! घर दीड तास आहे!"

"मग तिकडे जा, त्यांचं आहे मागे. चल, मी येते."

मागे पत्र्याची खोली होती. बाजूला तंबू, तंबूंबाहेर पोरांचा घोळका, स्पीकर. दाराला कडी होती पण ती ज्यात बसते ते भोक नव्हतं. आई म्हणाली, "जा, मी धरते." मी आत. बाहेर आईने दोन्ही हातांनी दार धरलेलं, फटीतून तिची बोटं दिसत होती. मला घाईची लागलेली, तरी होईना. स्पीकर वाजतोय, कुणीतरी हसतंय, माझ्यावर नाही पण काय माहीत. मला त्या बोटांकडे बघताना एकदम कळलं की हे ती आयुष्यभर करतेय. आणि तिच्यासाठी दार कोण धरतं?

बाहेर आल्यावर म्हटलं, "तू जा, मी धरते."

"मला नाही आली."

"आई, तू सकाळपासून गेली नाहीस."

"जाऊ कशाला, आलीच नाही तर!" आणि ती भराभर गाडीकडे चालायला लागली.

घरी आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. ती आधी बाथरूममध्ये गेली, मग स्वयंपाकघरात, आणि ओट्याशी उभी राहून दोन ग्लास पाणी प्यायली. एका दमात. उंट.

मी दार लोटून घेतलं. "आई, टॉयलेटमध्ये बरण्या मुद्दाम ठेवल्यास ना?"

"मग कुठं ठेवू? डोक्यावर?"

"ते तुझ्यासाठी होतं! आपण गाडीच त्यासाठी घेतलीये! मला कळतच नाहीये तू काय..."

आई चिडली की पुण्याची भाषा सुटते आणि यवतमाळची लागते. "तुले समजत नाई का? त्यायची शीट तीन फुटावर. मॅग्नेटचं दार. गाडी उसळली की उघडते. वरून तुहे बाबा नळी लावून माही टाकी खाली करतीन? पस्तीस वर्षं झाले लग्नाले, आता हे दाखवू त्यायले?"

"बाबांना काही वाटत नाही गं."

"त्यायले नाई वाटत. मले वाटते." मग जरा थांबून, हळू, "पाणीच नाही पीत मी. दीड दिवसाचं तर आहे."

"डॉक्टर काय म्हणालेत?"

"मग नाही जात. तुम्ही दोघं जा, बरण्या पोचवा. मी कान बघत बसते."

आई पदराने ओटा पुसायला लागली, पुसलेला ओटा. मग पाठ न वळवता म्हणाली, "एवढे फोन लावले तुम्ही. म्हशीचं विचारलं, कुत्र्याचं विचारलं. एकाने तरी विचारलं का, संडास कसा आहे?"

मी लोटलेलं दार अर्धवट उघडलं होतं. बाबा बाहेर उभे होते, हातात तक्ता. त्यांनी किती ऐकलं माहीत नाही. ते टेबलाशी जाऊन बसले, पट्टी घेतली आणि सातवा रकाना आखला. वर लिहिलं, ‘संडास’. मग त्याचे चार उपरकाने. कमोड, कडी, बादली, दिवा. बाबांचं अक्षर तपासणीच्या शिक्क्यासारखं आहे, ताठ. लिहून झाल्यावर ते कुणाकडेही न बघता म्हणाले, "नमुना बरोबर काढला होता. तपासायचं तेच राहिलं. हा एक नंबरचा रकाना होता."

मी ताबडतोब फोन उचलला. मला चुका दुरुस्त करायची फार घाई असते. पिवळ्या पुस्तकातली वेरूळकडची पानं काढली आणि एकामागोमाग लावत गेले. टॉयलेट आहे का? आहे मॅडम. कमोड आहे? आहे. कडी लागते? लागते की. स्वच्छ असतं? एकदम क्लीन! दुसरा, एकदम क्लीन! तिसरा, एकदम क्लीन मॅडम, फाइव्ह स्टार! सगळे पास. पानशेतवाल्यालाही लावून बघितला, ज्याच्या दाराला भोक नव्हतं. तोही म्हणाला एकदम क्लीन!

"आता?" मी बाबांना म्हटलं. "सगळेच पास."

"सगळे नग पास झाले तर मोजणारं यंत्र बिघडलंय," बाबा म्हणाले.

आईने हात पुसले आणि माझ्याकडून फोन घेतला. पहिलाच नंबर परत लावला. "नमस्कार दादा. घरात कोणी बाई आहे का? द्या बरं तिला फोन. नाही नाही, तुमच्याशी नाही काम, तिलाच द्या."

मग पलीकडून एक आवाज आला, दबका. आईने स्पीकर बंद केला, पण मी कान लावून होते. "खरं सांगू का ताई," ती बाई म्हणाली, "कमोड हाय, पण कडी मोडलीय. मी इट लावते."

"विटेने नीट लागतं का?"

"लागतं, पण कुणीतरी बाहेर पाहिजे."

"किती दिवस झाले मोडून?"

"ह्यांना सांगून सांगून दिवाळी गेली."

वीस मिनिटं बोलल्या त्या. नवऱ्याच्या कडीपासून सुरू करून गुडघ्याच्या तेलापर्यंत. बाबांनी कडीच्या रकान्यात फुली मारली. दुसऱ्या ठिकाणच्या बाईने सांगितलं, या, पण पाहुण्यांचं नका वापरू, आमच्या घरातलं वापरा. तिसऱ्या ठिकाणी सगळं होतं. कमोड, आतून कडी, बादली, दिवा, आणि बाई म्हणाली, "मी रात्रीचा दिवा चालू ठेवीन, आमच्या सासूबाईंनाही लागतो."

त्या दोन दिवसांत पुस्तक ठरलं. म्हणजे आम्ही ठरवलं असं नाही, ते ठरत गेलं. पीडीएफमध्ये फोनच नव्हता, तर घरात बाई आहे का हे विचारणार कोणाला? हृदयाला? जाडं बरणीखाली होतं. राहिलं ते पिवळं. त्यात सगळी माणसांची घरं होती, आणि घर म्हटलं की आत एक बाई होती जिला खरं माहीत होतं. चाळिसावं पान उलटं, चांदण्याची शाल वगैरे, तरी तेच.

वेरूळच्या पुढे पुस्तक संपत होतं त्याचं काय? ते आईने विचारलंच नाही, त्या दिवा चालू ठेवणाऱ्या बाईनेच सांगितलं. "पुढं कुठं थांबताय? माझी नणंद जालन्याला असते. तिच्याकडं जा, मी सांगते." नणंदेला फोन केला तर ती म्हणाली, माझ्या जावेची बहीण मेहकरला. मेहकरवाली म्हणाली, वाशिमला आमच्या शाळेतल्या बाई आहेत, एकट्याच असतात, त्यांना सोबत आवडते. पिवळ्या पुस्तकात मागे ‘टिपणांसाठी’ म्हणून चार कोरी पानं होती. आईने तिथे एकेकीचं लिहिलं, नाव नाही, नातं. ‘दिव्यावालीची नणंद. कमोड. कडी वर. घरचे नऊला कामावर जातात, त्यानंतर जाणे.’ मी विचारलं, अशा अनोळखी बाईच्या घरी नुसतं बाथरूमला थांबायचं? आई म्हणाली, "चहा पिऊ की." मला हे अजून नीट कळलेलं नाही. ज्या बाईला मॅग्नेटच्या दारामागे नवऱ्यापासून तीन फुटांवर बसायला जमत नव्हतं, ती चार अनोळखी घरांत शिरून बिनधास्त विचारणार होती. मी असते तर गाडीतलंच वापरलं असतं. तुम्ही काय केलं असतं?

निघालो त्या सकाळी मी आईकडेच बघत होते. ती तयार झाली, बरण्या चढवल्या, चहाचा कप घेतला आणि प्यायली. सगळा. बाबांनी आरशातून बघितलं आणि गेटची उंची मोजायची टेप परत ड्रॉवरमध्ये ठेवली.

वेरूळकडे दिवा खरंच चालू होता. जालन्याला नणंदेने पोहे केले. मेहकरला नुसता चहा म्हणून दीड तास गेला आणि बाबा गाडीत बसून मला सारखे मेसेज करत होते, ‘काय चाललंय’, आणि मी उत्तर देत होते, ‘माहीत नाही’. खरंच माहीत नव्हतं, आत आई आणि ती बाई कुठल्यातरी तिसऱ्याच बाईच्या गर्भाशयाबद्दल बोलत होत्या. गाडीतलं टॉयलेट शेवटपर्यंत बरण्यांनी वापरलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोचलो. मावशी दारात होती. मी तिचा चेहरा तीन वर्षांनी बघितला आणि खरं सांगू, आधी कानच बघितला, बाळी आहे का म्हणून. होती. तिच्या हातात भरलेला तांब्या, मागे ओट्यावर आणखी एक भरून ठेवलेला.

आईने चप्पल काढली, नीट, एकावर एक न टाकता. तांब्या घेतला. दोन घोट प्यायली आणि परत दिला.

मावशी तांब्यात बघत राहिली. मग आईकडे. मग घाबरून बाबांकडे.

"काहून वो," ती म्हणाली, "इले बरं नाई का?"